फिरवण्याच्या सूत्रात निम्मा कोन का येतो? परावर्तन, रोटर आणि सममिती

विश्रामबागचा विद्यार्थी, सांगली

सर्वांना नमस्कार. मी सांगलीत यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकत असून आमच्या गटाने प्रकल्पासाठी एक छोटा रोबोटिक हात घेतला आहे. हाताच्या टोकाला कॅमेरा बसवला आहे, आणि तो कोणत्या क्षणी कोणत्या दिशेला रोखलेला आहे, हे प्रत्येक सांध्याच्या कोनावरून काढावे लागते. त्यासाठी आम्ही क्वाटर्नियन (फिरवणे दाखवणारी चार घटकांची राशी) वापरतो. उत्तरे बरोबर येतात, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण तोंडी परीक्षेत हे सूत्र कुठून आले असे विचारले गेले, तर आमच्यापैकी कोणालाही धड सांगता येणार नाही.

मुख्य अडचण अशी आहे की, एखादा बिंदू ९० अंशांतून फिरवायचा असेल तर क्वाटर्नियनमध्ये ४५ अंशांचे कॉस आणि साइन लिहावे लागतात. शिवाय मॅट्रिक्सने (संख्यांच्या चौकोनी तक्त्याने) फिरवताना सदिशाला एका बाजूने गुणले की काम होते, तर इथे डावीकडून क्वाटर्नियनने आणि उजवीकडून त्याच्या संयुग्मीने (अदिश सोडून बाकी घटकांची चिन्हे उलटलेल्या राशीने) गुणावे लागते. ‘दोन बाजूंनी गुणल्याने कोन दुप्पट होतो, म्हणून आधी निम्मा घ्यायचा’ असे स्पष्टीकरण मी वाचले आहे. परंतु त्यामुळे पहिली शंका दुसऱ्या शंकेवर ढकलली जाते, एवढेच. आमच्या मार्गदर्शकांनी ‘भूमितीय बीजगणित पाहा’ असे सुचवले. ते पाहू लागलो तर पहिल्याच पानावर एक संख्या आणि एक क्षेत्रफळासारखी राशी यांची बेरीज केलेली दिसली, आणि तिथेच अडलो. कृपया मार्गदर्शन करावे. हे शिकण्यात वेळ घालवणे प्रकल्पाच्या दृष्टीने योग्य ठरेल का, हेही सांगितले तर उपकार होतील.

निवृत्त प्राध्यापक, सातारा

तुमची शंका रास्त आहे, आणि पाठ्यपुस्तके ती बहुधा टाळतात. उत्तर मिळण्यासाठी फिरवण्याच्या क्रियेपासून सुरुवात न करता आरशातील परावर्तनापासून करावी. फिरवणे ही मूळ क्रिया नाही. ती दोन परावर्तनांची बनलेली आहे. एवढे एक मान्य केले की निम्मा कोन आणि दोन्ही बाजूंचा गुणाकार, दोन्ही आपोआप बाहेर पडतात.

प्रथम भूमितीय बीजगणितातील गुणाकार ठरवू. परस्परांना लंब असलेल्या तीन अक्षांवरील एकक सदिशांना क, ख, ग म्हणा. नियम एकच आहे: कोणत्याही सदिशाचा वर्ग म्हणजे त्याच्या लांबीचा वर्ग. म्हणून क² = ख² = ग² = १. आता (क + ख) या सदिशाची लांबी √२ आहे, म्हणून त्याचा वर्ग २ यायला हवा. पण विस्तार केल्यावर क² + कख + खक + ख² मिळते, म्हणजे कख + खक हे शून्य असलेच पाहिजे. याचा अर्थ असा की लंब सदिशांचा क्रम बदलला की चिन्ह बदलते: कख = −खक. समांतर सदिशांचा क्रम बदलला तर काहीच बदलत नाही. पुढचे सगळे या दोन वाक्यांवर उभे आहे.

कख ही राशी संख्याही नाही आणि सदिशही नाही. ती क आणि ख यांनी ठरवलेल्या प्रतलातील एक दिशायुक्त क्षेत्र दाखवते, आणि तिला द्विसदिश म्हणतात. तिचा वर्ग करून पाहा: कखकख = −ककखख = −१. ज्या राशीचा वर्ग −१ येतो तिच्याशी तुमची ओळख फार जुनी आहे. ३ + ४आय अशी संमिश्र संख्या लिहिताना कोणी ‘तीन आणि चार आय यांची बेरीज कशी करता’ असे विचारत नाही. संख्या आणि द्विसदिश यांची बेरीजही त्याच अर्थाने, दोन भाग वेगवेगळे सांभाळून, केली जाते. त्रिमितीत अशा राशीचे एकूण आठ घटक असतात: एक अदिश (नुसती संख्या), तीन सदिश, तीन द्विसदिश आणि एक घनफळदर्शक कखग.

आता आरसा. आरशाच्या प्रतलाला लंब असलेला एकक सदिश न घ्या आणि कोणताही सदिश स त्या आरशात पाहा. स चा जो भाग न ला समांतर आहे त्याचे चिन्ह उलटायला हवे, आणि जो भाग आरशाच्या प्रतलात आहे तो जसाच्या तसा राहायला हवा. ‘न स न’ हा गुणाकार करा. समांतर भागात न पलीकडे जाताना चिन्ह बदलत नाही, म्हणून तो भाग न² ने, म्हणजे १ ने, गुणला जातो आणि तसाच राहतो. लंब भागात चिन्ह एकदा बदलते. आपल्याला याच्या नेमके उलट हवे आहे, म्हणून पुढे उणे चिन्ह लावायचे:

स चे प्रतिबिंब = −न स न

दोन्ही बाजूंनी गुणण्याचे कारण इथे आहे. एकाच बाजूने न ने गुणले तर उत्तरात अदिश आणि द्विसदिश मिळतात, सदिश उरतच नाही; दुसऱ्या बाजूचा न त्याला पुन्हा सदिशात आणतो. पहिल्या आरशानंतर म हा लंब असलेला दुसरा आरसा ठेवा. दोन उणे चिन्हे एकमेकांना नाहीशी करतात आणि म न स न म असे मिळते. ‘म न’ या जोडीला र म्हणा आणि तीच जोडी उलट्या क्रमाने लिहिली तर र†. सूत्र र स र† असे झाले, आणि हाच तुमचा क्वाटर्नियन. भूमितीय बीजगणितात त्याला रोटर म्हणतात.

दोन आरशांमधील कोन थीटा असेल तर दुहेरी परावर्तनाने वस्तू दोन थीटातून फिरते, हे शाळेच्या भूमितीनेही कागदावर सिद्ध करता येते. म न या गुणाकारात मात्र आरशांमधलाच कोन येतो. म्हणून ९० अंश फिरवायचे तर आरसे ४५ अंशांवर ठेवावेत. उदाहरण घ्या: पहिल्या आरशाचा लंब क, दुसऱ्याचा (क + ख)/√२. गुणाकार (१ − कख)/√२ येतो, आणि तो क वर चालवला की उत्तर बरोबर ख येते. स्वतः करून पाहावे. दोन ओळींचे काम आहे.

यावर तुम्ही असे विचाराल की प्रतलात संमिश्र संख्येने फिरवताना एका बाजूचा गुणाकार आणि पूर्ण कोन पुरतो, ते कसे? कख प्रतलातील प्रत्येक सदिश कख शी प्रतिक्रमी असतो (क्रम बदलला की चिन्ह बदलते), म्हणून उजवीकडचा र† सदिशाला ओलांडून डावीकडे आला की तो र होतो आणि र स र† = र² स असे मिळते. र² मध्ये पूर्ण कोन असतो. परंतु ग हा सदिश कख ला न बदलता ओलांडतो, त्यामुळे र ग र† = र र† ग = ग, म्हणजे अक्ष स्थिर राहतो, जसा राहायला हवा. एका बाजूनेच गुणले असते तर प्रतलातील भाग बरोबर फिरला असता आणि अक्ष बिघडला असता. द्विमितीत अक्षच नसल्यामुळे ही अडचण तिथे दिसत नाही.

थोडा इतिहास, कारण तो इथे विषयाला धरूनच आहे. निम्म्या कोनाची सूत्रे ऑलिंद रॉद्रिग यांनी १८४० साली दिली होती. हॅमिल्टन यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना क्वाटर्नियनचे नियम सुचले आणि त्यांनी ते पुलाच्या दगडावर कोरले. पुढच्याच वर्षी श्टेटिन येथील शाळाशिक्षक हेर्मान ग्रासमान यांनी आपला विस्ताराचा सिद्धांत प्रसिद्ध केला, ज्यात आजच्या द्विसदिशांचे मूळ आहे. त्याकडे गणितज्ञांनी जवळजवळ लक्षच दिले नाही. हेच ग्रासमान पुढे संस्कृतकडे वळले, आणि त्यांनी केलेला ऋग्वेदाचा कोश अभ्यासक आजही उघडतात. दोन्ही धागे १८७८ साली विल्यम क्लिफर्ड यांनी एकत्र विणले, आणि दुसऱ्याच वर्षी ३३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गिब्ज आणि हेविसाइड यांची सदिशपद्धती त्यानंतर जोर धरू लागली, आणि तीच आपल्या अभ्यासक्रमात आली. १९६० च्या दशकात डेव्हिड हेस्टेनिस यांनी क्लिफर्ड यांचा धागा पुन्हा हाती घेतला. माझ्या मते अभ्यासक्रमाने चुकीची निवड केली. पण ती आता बदलणे सोपे नाही.

कुपवाड एमआयडीसी

सरांचे विवेचन उत्तम आहे आणि तोंडी परीक्षेला ते पुरेसे आहे. प्रकल्पासाठी मात्र मी थोडे वेगळे सांगेन, कारण माझे रोजचे काम यंत्रांच्या नियंत्रणाचे आहे.

दोन फेऱ्या (फिरवण्याच्या क्रिया) एकत्र करायच्या तर तीन-बाय-तीनच्या दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराला २७ गुणाकार लागतात, आणि दोन क्वाटर्नियनना १६. साठवायला नऊ संख्यांऐवजी चार पुरतात. हजारो वेळा गुणाकार झाल्यावर अंकांच्या काटछाटीमुळे मॅट्रिक्सचे स्तंभ एकमेकांना लंब राहत नाहीत आणि ते पुन्हा सरळ करणे किचकट असते. क्वाटर्नियनला त्याच्या लांबीने भागले की काम संपते. याउलट एकाच फेरीने कॅमेऱ्याचे लाखो बिंदू फिरवायचे असतील, तर रोटरचे एकदा मॅट्रिक्स करून घ्यावे, कारण तयार मॅट्रिक्सला प्रत्येक बिंदूमागे नऊच गुणाकार लागतात. त्रिमितीतील रोटरमध्ये एक अदिश आणि तीन द्विसदिश असे चारच घटक असतात, म्हणजे तो क्वाटर्नियनच आहे, केवळ चिन्हांच्या संकेताचा फरक. यंत्राच्या दृष्टीने भूमितीय बीजगणित घेतल्याने वेग वाढत नाही, एवढे स्पष्ट असावे.

तुम्हाला खरा त्रास होईल तो घटकांच्या क्रमाचा. आरओएस या रोबोटांसाठीच्या सॉफ्टवेअरच्या संदेशांत अदिश घटक शेवटी असतो, आणि आयगेन या गणिती प्रोग्राम-संग्रहात चार संख्या देऊन क्वाटर्नियन तयार करताना अदिश सर्वांत आधी द्यावा लागतो. कॅमेरा भलतीकडेच पाहू लागला तर सिद्धांत तपासण्याआधी हे तपासा.

विश्रामबागचा विद्यार्थी, सांगली

सर, आपले मनःपूर्वक आभार. ‘दोन आरसे’ ही कल्पना मिळाल्यावर सूत्र लक्षात ठेवण्याची गरजच उरली नाही. कुपवाडच्या सरांनी सांगितलेला क्रमाचा मुद्दाही आम्ही तपासून घेऊ.

मी पुढे एक उदाहरण केले. आधी क-अक्षाभोवती ९० अंश, मग ग-अक्षाभोवती ९० अंश. दोन रोटरांचा गुणाकार असा आला:

½ (१ − कख)(१ − खग) = ½ (१ − कख − खग − गक)

अदिश भाग ½ आहे, म्हणजे निम्मा कोन ६० आणि पूर्ण कोन १२० अंश. तिन्ही द्विसदिशांचे सहगुणक सारखे असल्यामुळे अक्ष (१, १, १) या दिशेत येतो. क्रम उलटा केला तर कोन १२० अंशच राहतो, पण अक्ष (१, −१, १) होतो. मॅट्रिक्सने पडताळून पाहिले, जुळते. फक्त एक उमगत नाही: ९० आणि ९० मधून नेमके १२० अंश का यावेत? हा आकड्यांचा योगायोग आहे का?

भौतिकशास्त्राची शिक्षिका, सातारा

हा योगायोग नाही. तुमच्या दोन्ही फेऱ्या घनाला स्वतःवरच आणून ठेवतात, म्हणून त्यांचा गुणाकारही घनाला स्वतःवर आणणाऱ्या फेऱ्यांपैकीच एक असायला हवा. (१, १, १) ही दिशा म्हणजे घनाचा मुख्य कर्ण. त्या कर्णाच्या टोकाशी तीन कडा मिळतात, त्यामुळे त्याभोवती १२० अंशांखेरीज दुसरा पर्यायच नाही.

आरशांच्या भाषेत हे आणखी सुंदर दिसते. (क − ख)/√२ हा लंब असलेला आरसा काय करतो, ते पाहा: तो क आणि ख यांची अदलाबदल करतो. (ख − ग)/√२ चा आरसा ख आणि ग यांची अदलाबदल करतो. या दोन सदिशांचा गुणाकार करा:

½ (क − ख)(ख − ग) = ½ (−१ + कख + खग + गक)

तुमच्या उत्तराशी ताडून पाहा. फक्त चिन्ह उलटे आहे. सूत्रात रोटर दोनदा येत असल्यामुळे र आणि −र एकच फेरी देतात, म्हणून हा फरक परिणामात दिसत नाही. म्हणजे तुम्ही ९० अंशांच्या दोन फेऱ्यांनी जे केले, ते निर्देशकांच्या दोन साध्या अदलाबदलींनीही होते: क जातो ख वर, ख जातो ग वर, ग जातो क वर. यात ग हा लंब असलेला तिसरा आरसा मिळवला की या तीन आरशांपासून घनाच्या सर्व ४८ सममिती तयार होतात. आरशांची संख्या सम असेल तर फेरी, विषम असेल तर उजव्याचे डावे करणारी सममिती. २४ आणि २४.

साताऱ्याजवळ लिंब येथे बारा मोटांची विहीर आहे. तिचा मुख्य भाग अष्टकोनी आहे, आणि मी विद्यार्थ्यांना सममिती शिकवताना तिचाच आराखडा काढायला लावते. नियमित अष्टकोनाचे आठ आरसे असतात, चार कोपऱ्यांतून जाणारे आणि चार बाजूंच्या मध्यांतून जाणारे, आणि लगतच्या दोघांत साडेबावीस अंश. असे लगतचे दोन आरसे घेतले की सोळाही सममिती मिळतात. त्या दोन लंबांचा गुणाकार हा ४५ अंशांच्या फेरीचा रोटर. आठ वेळा फिरवले की अष्टकोन मूळ जागी येतो, पण रोटरचा आठवा घात १ न येता −१ येतो, आणि १ मिळवायला सोळावा घात घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे (अंगभूत फिरकीचे) वर्णन ३६० अंशांनंतर चिन्ह बदलते असे आम्ही वर्गात सांगतो आणि मुले अविश्वासाने पाहतात. त्यामागचे गणित हेच आहे. स्पिनच्या वर्णनात वापरली जाणारी पाउली आणि डिरॅक यांची मॅट्रिक्सेस या बीजगणिताचीच रूपे होत. विहिरीकडे परत येऊ: अष्टकोनाला पायऱ्यांचा आणि महालाचा लांबट भाग जोडलेला असल्यामुळे संपूर्ण आराखड्यात त्या सोळांपैकी दोनच सममिती टिकतात, ‘काहीही न करणे’ आणि मधल्या अक्षातील परावर्तन.

अष्टकोनी सममिती दगडात कोरता येते, पण स्फटिकात ती येऊ शकत नाही. स्फटिकाच्या जाळीला स्वतःवर आणणारी फेरी जाळीच्या पाया-सदिशांत लिहिली तर तिच्या मॅट्रिक्समधील सर्व घटक पूर्णांक असतात, म्हणून कर्णावरील घटकांची बेरीज, १ + २ कॉस थीटा, हीसुद्धा पूर्णांकच यायला हवी. ४५ अंशांना ती १ + √२ येते. ६०, ९०, १२० आणि १८० हेच कोन चालतात, आणि म्हणून त्रिमितीत स्फटिकांचे २३० अवकाशगटच (सममितींचे प्रकारच) शक्य आहेत. डॅन शेख्टमन यांना १९८२ साली या नियमात न बसणारी विवर्तनचित्रे (पदार्थातून विखुरलेल्या किरणांचे नमुने) दिसली, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला बराच काळ गेला. ते पदार्थ आवर्ती जाळीचे नव्हतेच. २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याबद्दलच मिळाले.

कुपवाडच्या सरांशी एका बाबतीत मी असहमत आहे. वेग वाढत नाही हे खरे. पण अर्थ स्पष्ट होतो, आणि त्यामुळे प्रोग्राममधील चुका टळतात. आरशाला समांतर ठेवलेले चाक फिरत असेल, तर प्रतिबिंबातील चाकही त्याच दिशेने फिरते. कोनीय वेग आपण सदिश गुणाकाराने अक्षावरचा बाण म्हणून दाखवतो. आरशाला लंब असलेला खरा बाण प्रतिबिंबात उलटायला हवा, हा मात्र उलटत नाही. म्हणून पुस्तकात ‘छद्मसदिश’ असा अपवाद करावा लागतो. द्विसदिश घेतला तर अपवाद लागत नाही: ग-आरशात क आणि ख दोन्ही तसेच राहतात, म्हणून कख ही तसाच राहतो. तुमच्या कॅमेऱ्याच्या प्रतिमेत कुठे डावे-उजवे उलटत असेल, तर ही गोष्ट उपयोगी पडेल.

विश्रामबागचा विद्यार्थी, सांगली

मॅडम, खूप आभार. प्रतिमा खरोखरच एका ठिकाणी उलटी घेतली जाते, तिथे आता काय करायचे ते समजले. शेवटची एक शंका: हाताचा प्रत्येक दुवा फिरवण्याबरोबर सरकवावाही लागतो. सरकवण्यासाठी आरसे चालतील का?

निवृत्त प्राध्यापक, सातारा

चालतील. आरसे एकमेकांना समांतर ठेवा. त्यांच्यातील अंतर जेवढे, त्याच्या दुप्पट वस्तू सरकते. निम्म्या कोनाच्या जागी निम्मे अंतर आले, बाकी सारे तेच. मात्र समांतर आरशांचे लंब एकच असल्यामुळे आरसा आरंभबिंदूपासून किती दूर आहे हे नोंदवायला क, ख, ग पुरत नाहीत. त्यासाठी ज्याचा वर्ग शून्य आहे असा चौथा पाया-सदिश घ्यावा लागतो. मग त्रिमितीतील कोणतीही दृढ हालचाल जास्तीत जास्त चार आरशांत बसते: दोन फिरवायला आणि दोन सरकवायला, म्हणजे स्क्रूची गती. सम संख्येच्या आरशांतून येणाऱ्या राशीला आठ घटक असतात, आणि तुमच्या क्षेत्रातील लोक त्यांना ड्युअल क्वाटर्नियन म्हणतात. तेही क्लिफर्ड यांच्या १८७३ च्या कामातूनच आले आहे. तुमच्या हाताच्या प्रत्येक दुव्याला अशी एक राशी द्यावी, पायथ्याच्या सांध्याची सर्वांत डावीकडे ठेवून क्रमाने गुणावे, आणि अधूनमधून लांबी एक करून घ्यावी. मात्र आठ घटकांमध्ये लांबीखेरीज आणखी एक अट पाळावी लागते, की फिरवण्याचे चार आणि सरकवण्याचे चार घटक, चार मितींतील सदिश मानले असता, परस्परांना लंब राहिले पाहिजेत. केवळ लांबीने भागून ती अट आपोआप पाळली जात नाही.